घंटेच्या आधीची पाच मिनिटं

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. यंदा वर्गात ऑटिझम असलेला एक मुलगा आहे. गणितं भराभर सोडवतो, बोलतो मोजकंच. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरतो. बाहेर काढायला गेलं की चावतो. परवा मदतनीस ताईंना जोरात चावला. दिवसभर अधूनमधून मलाच विचारतो, "बूट घातलेस का?" मुलं हसतात. काही पालक म्हणतात, याला वेगळ्या शाळेत घाला. चाळीस मुलांत एकट्यासाठी मी किती पुरी पडू?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र चावण्यापाशी अडलंय. मला मात्र घंटेपाशी थांबायचंय.

आपल्याला घंटा म्हणजे सुट्टी झाल्याची वर्दी. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना तोच आवाज सहन होत नाही, अक्षरशः दुखतो. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्या पहिल्याच लेखात मोठ्या आवाजांना घाबरणारी मुलं आहेत. तरीही अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा संवेदनांचा मुद्दा निकष म्हणून यायला २०१३ उजाडलं. तोवर आपण सगळ्यांनीच त्याला हट्ट म्हणून घेतलं.

मीही म्हटलंय. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीला मी मनगट धरून बाकाखालून ओढलं होतं. ती चावली. मी रागारागात तिच्या फाइलमध्ये लिहिलं, 'आक्रमक आहे.' पुढच्या प्रत्येक शिक्षिकेनं ती फाइल आधी वाचली आणि मुलीला नंतर पाहिलं. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून विनंती करते, तुमच्या वहीत 'चावतो' एवढंच लिहू नका. 'घंटा झाली, तो बाकाखाली गेला, ताईंनी दंड धरला, मग चावला' असं क्रमानं लिहा. पंधरा दिवस अशी नोंद ठेवलीत तर नेमकं काय बदलायचं ते तुम्हालाच दिसेल.

तोवर एवढं करून पाहा. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत करून त्याच्या बाकावर चिकटवा, त्यात घंटेचंही चित्र असू द्या. घंटेला पाच मिनिटं राहिली की काही न बोलता त्या चित्रावर बोट ठेवा. कानावरचे हेडफोन त्यानं स्वतः घालावेत. आपण बळेच चढवले की तोही एक धक्काच असतो. शाळेनं परवानगी दिली तर त्याला आणि एका मित्राला दोन मिनिटं आधी बाहेर सोडा. आणि इतकं करूनही तो बाकाखाली गेलाच, तर हात लावू नका. 'काय झालं? बाहेर ये, माझ्याकडे बघ' हेही नको. त्या वेळी शब्द आत पोचत नाहीत, उलट त्यांचाही आवाजच होतो. बाकीच्या मुलांना बाहेर जाऊ द्या, तुम्ही थोड्या अंतरावर खाली बसा आणि वाट बघा. तो बाहेर आल्यावर उपदेश नको, पाणी द्या.

आता बुटांचं. याला एकोलेलिया म्हणतात, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणणं. पूर्वी याला निरर्थक बडबड समजून बंद करायला लावत. पण बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुशान या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं, की मुलं अशा उसन्या वाक्यांतून खरोखर काहीतरी सांगत असतात. माझ्याकडचा एक मुलगा कधीही घाबरला की म्हणायचा, "पाऊस थांबला की जाऊ." बाहेर लख्ख ऊन असायचं. त्याच्या आईला विचारलं तेव्हा कळलं, एकदा मुसळधार पावसात दोघं आडोशाला अडकली होती आणि ती त्याला हेच सांगत राहिली होती. त्याच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ होता, 'मला भीती वाटतेय, मला जवळ घे.' तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याच्या आईला विचारा, बुटांचं वाक्य घरी कोण, कधी म्हणतं. कदाचित निघण्याची वेळ असेल. तसं असेल तर त्याला वेळापत्रकावर दाखवा, "घरी जायचंय? अजून दोन तास."

हसणाऱ्या मुलांना हेच सांगा, पण त्याच्या पालकांना विचारून आणि त्याच्या माघारी. फक्त एखाद्या समंजस मुलीला त्याची कायमची राखणदार करू नका, तिलाही खेळायचं असतं. पालकांच्या तक्रारीला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. चित्रांचं वेळापत्रक मोठं करून फळ्याशेजारी लावा. 'आता पुढे काय?' हा प्रश्न चाळीसही मुलांना पडतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाला वाचनालयात न्यावंसं वाटतं. त्याला ऑटिझम आहे. दारातच आडवा पडतो, लोक टक लावून बघतात. नेणं सोडून द्यावं का?
— एक आजोबा

उत्तर : सोडू नका, आजोबा, पण लहान तुकडे करा. आधी घरी वाचनालयाचे फोटो दाखवा: दार, जिना, पुस्तकांची कपाटं. गर्दी नसेल अशी वेळ निवडा. पहिल्या दिवशी दाराला हात लावायचा आणि घरी यायचं. तो रडायच्या आत परतायचं, हे महत्त्वाचं. लोकांसाठी एक वाक्य तयार ठेवा, "त्याला ऑटिझम आहे, थोडी जागा द्या," आणि नजर पुन्हा नातवाकडे वळवा.

त्याआधी एकदा तुम्ही एकटे जा. त्या दारात त्याच्या उंचीएवढं वाकून दोन मिनिटं नुसतं ऐका, बघा. पंखा घरघरतो का, दार धाडकन आपटतं का, दिवा लुकलुकतो का? काय सापडलं ते मला जरूर लिहा.