गुडघ्याच्या झिजेवर मसाजचा उपयोग होतो का? आईसाठी मसाजचं पॅकेज घ्यावं का?

तुमच्या आईंच्या दोन्ही गुडघ्यांची झीज तिसऱ्या ग्रेडपर्यंत (एक्स-रेवर चारपैकी तिसऱ्या पायरीपर्यंत) गेली आहे. किनाऱ्याकडच्या एका मसाज सेंटरने ‘दहा सिटिंगमध्ये गादी भरून येईल, ऑपरेशन टळेल’ असं सांगून पॅकेजचे पैसे आगाऊ मागितलेत, आणि ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. मसाज मात्र जरूर सुरू करा. त्याने दुखणं हलकं होतं, आणि चौसष्टाव्या वर्षी घरात वावरणाऱ्या बाईला तेवढा आराम थोडाथोडका नसतो.

मी गोव्यात म्हापशाला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ‘गादी भरून येते’ हे ऐकून आलेले पेशंट मला सतत भेटतात. ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून एकदा झिजली की ती पूर्ववत होत नाही, आणि कातडीवर चोळलेलं तेल, कितीही महागडं असलं तरी, तिला परत आणत नाही. पण त्याच कूर्चेत वेदना नेणाऱ्या नसाही नसतात. मग दुखतं ते काय? तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून माणूस वाकडं चालतो, मांडी आणि पोटरी आखडते, आणि पुढे तीच ठणकायला लागते. मसाजचं काम इथे आहे. शिवाय स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं होतं. मार लागला की आपण ती जागा आपसूक चोळतो, ते का, हे त्यातून उलगडतं.

यावर अमेरिकेत नीट अभ्यास झालेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघेदुखीच्या १२५ पेशंटना वेगवेगळ्या मात्रेत मसाज देऊन पाहिला. आठवड्यातून एकदा, तासभर, ही मात्रा सोयीची आणि गुणकारी ठरली. २०१९ साली २२२ जणांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर मसाज घेणाऱ्यांचं दुखणं आणि ताठरपणा, नुसता हलका हात ठेवलेल्यांपेक्षा आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला होता. वर्षभराने मात्र तिन्ही गटांत म्हणावा तसा फरक उरला नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर गुडघ्याच्या झिजेसाठी शक्यतो मसाज नको, अशी सशर्त शिफारस केली. पुरावा अपुरा आहे असं त्यांचं मत पडलं. व्यायाम आणि वजन कमी करणं यांवर मात्र त्यांनी ठाम भर दिला. मला ही सूचना जरा कडक वाटते, कारण दुखणं थोडं उतरल्याशिवाय व्यायामाला पाय उचलत नाही, हे मी रोज बघते. मसाजने मिळालेला उसंतीचा वेळ व्यायामाला वापरला तरच तो टिकतो.

आता घरी कसा करायचा ते सांगते. आईंना पलंगावर निजवा, गुडघ्याखाली उशी द्या म्हणजे पाय किंचित वाकलेला राहील. घाण्याचं खोबरेल कोमट करून घ्या, आधी आपल्या मनगटावर टेकवून बघा. बहुतेक लोक थेट गुडघ्याची वाटीच रगडतात. वाटीवर जोर द्यायचाच नाही. हात चालवायचा तो मांडीवर: गुडघ्याच्या वरून सुरू करून जांघेच्या दिशेने, तळहाताने लांब आणि सावकाश. वाटीच्या वर, आतल्या बाजूला एक फुगीर स्नायू हाताला लागतो, तो बहुतेकांचा कडक झालेला असतो. तिथे अंगठ्याने दाबून थोडं थांबा, सोडा, परत दाबा. मग पोटरी हलक्या हाताने. सगळा वेळ लक्ष आईंच्या चेहऱ्यावर ठेवा. ओठ आवळले गेले की जोर जास्त झाला. ‘दुखलं की गुण येतो’ असं काही नसतं.

तेल पुसून झालं की लगेच व्यायाम. पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. दहादा एक पाय, दहादा दुसरा. साधा वाटतो, पण मांडीला बळ यानेच येतं. जमायला लागलं की पुढचे व्यायाम जवळच्या फिजिओकडून शिकून घ्या.

आणि आदोळी, म्हणजे विळी! आपल्याकडच्या बायका जमिनीवर पाय दुमडून आदोळीवर नारळ किसतात, मासे कापतात. चवथीच्या दिवसांत तर तासन्‌तास. झिजलेल्या गुडघ्याला हे सगळ्यांत जड जातं. ओट्यावर लावायची किसणी आणि उभ्याने वापरायची सुरी घेऊन द्या. पाटाऐवजी खुर्ची. वजनाचंही बघा: एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

कधी हात लावू नये, हे मात्र नीट वाचा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर मसाज अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गुडघा लाल आणि गरम असेल किंवा अंगात ताप असेल तरी नको. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं फार ठिसूळ झाली असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर शेकताना चटका बसल्याचं कळतच नाही, म्हणून शेक टाळा.

बाहेरच करून घ्यायचा असेल तर तुम्ही फोंड्याचे, शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय तुम्हाला जवळ. पेडण्यात धारगळलाही अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२ पासून आहे. तिथे वैद्य आधी तपासतात, मगच अभ्यंग किंवा जानुबस्ती द्यायची का ते ठरवतात. जानुबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं गुडघ्याभोवती बसवून त्यात कोमट तेल धरून ठेवतात. पेशंटना त्याने बरं वाटतं, आणि मी कुणाला अडवत नाही, फक्त व्यायाम सोडू नका म्हणते.

राहिला ऑपरेशनचा प्रश्न. रात्री झोपमोड होण्याइतकं दुखत असेल, पाय वाकडा होत चालला असेल, व्यायाम आणि गोळ्या करूनही अंगणापर्यंत जाणं जड जात असेल, तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, हाडांच्या ओपीडीत दाखवा. तिसरा ग्रेड आहे एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही; त्रास किती आहे त्यावर ठरतं. जाताना एक्स-रे उभ्याने काढलेला घेऊन जा. झोपून काढलेल्यात सांध्यावर भार नसतो, त्यामुळे हाडांमधली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.