वाचकांचे प्रश्न: मतलई वारा, फेरीबोट आणि सायकल

प्रश्न: पावसाळ्यापासून पडवीत उभी असलेली सायकल नुकतीच दुरुस्त करून घेतली आहे. माझे वय पंचावन्न आहे. थंडी सरत आली आहे आणि कडक ऊन अजून पडायचे आहे, अशा या दिवसांत सकाळी कोठे आणि किती लांब जावे?
(एक वाचक, पणजी)

उत्तर: आपण अंतर विचारले आहे; आम्ही आधी वेळ सांगतो. फेब्रुवारीच्या मध्यास गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि मार्चअखेरीस साडेसहाच्या आसपास. सकाळ अशी लवकर सुरू होऊ लागते खरी, पण ती सरतेही लवकर, आणि पणजीकराला उन्हाहून अधिक दमवतो तो वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे मंद वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दिवस वर आला, जमीन तापली, की दहा-अकराच्या पुढे तोच उलटून पश्चिमेकडून आत शिरतो. शाळेत पाठ केलेले हे मतलई आणि खारे वारे सायकलीवर बसल्यावरच खरे समजतात. सकाळी पूर्वेला, जुन्या गोव्याच्या दिशेने निघालेला माणूस जाताना वारा तोंडावर घेतो आणि रेंगाळत अकराला परत फिरला, तर येतानाही तोंडावरच घेतो, तोही चांगला जोराचा. म्हणून साडेनऊच्या आत घरी पोहोचावे असा हिशेब धरून निघावे.

पहिले दोन-तीन रविवार मांडवी नदीतल्या दिवाडी बेटासाठी ठेवावेत. पणजीहून रायबंदरकडे जाणारा बांधरस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या या रस्त्यावर चढ असा नाहीच, त्यामुळे महिनोन्महिने न वापरलेल्या गुडघ्यांना सैल व्हायला तो फार सोयीचा आहे. पुढे जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्यावी. बोटीच्या उतरत्या फळीवर या दिवसांत दव आणि शेवाळ असते, आणि तिच्यावरच्या लोखंडी पट्ट्यांवरून बारीक टायर घसरतो. तेव्हा धक्क्यापाशीच उतरून सायकल हाताने धरून चढवावी, आणि पलीकडे मोटारसायकली गडबडीने बाहेर पडू द्याव्यात, मग आपण निघावे. बेटावर दोन्ही बाजूंना शेते लागतात आणि त्यानंतर पिएदादच्या चर्चची टेकडी. हा चढ लहान असला तरी खडा आहे; मध्येच उतरून चालत गेल्याने कोणाचाही मान कमी होत नाही. सातच्या सुमारास वाटेत पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, भेटेल. मागच्या बांबूच्या टोपलीत पोळी-उंडे हे पाव, त्यावर प्लास्टिकचे कापड, आणि दारोदारी वाजणारा रबरी भोंगा: एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने भोंगा दाबत, ओझ्यासह हीच टेकडी तो रोज चढतो. नवशिक्याने त्याच्या मागे राहून त्याचा वेग पाहावा. तो कधीच घाई करत नाही. परतताना रायबंदरची फेरी घेतली की एकूण वीसेक किलोमीटर होतात.

एवढे अंगवळणी पडले की दिवाडीच्या पलीकडच्या टोकावरून नार्वेची फेरी घ्यावी. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत असलेला सप्तकोटीश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात आले, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. देवाने नदी ज्या बाजूने ओलांडली त्याच बाजूने आपणही ओलांडतो, हे फेरीत उभे असताना लक्षात राहिले तर पुढचा रस्ता निराळाच वाटतो. नार्व्याहून मयेमार्गे चोडणला उतरावे आणि चोडणच्या धक्क्यावरून रायबंदरला यावे. हा फेरा चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर भरतो, म्हणून तो उजाडण्यापूर्वी पुढचा आणि मागचा दिवा लावूनच सुरू करावा. डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक आणि तांबडी धूळ यांची गाठ पडू शकते. तोंडावर बांधायला रुमाल असू द्यावा. चोडणच्या धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. स्थलांतरित पक्षी अजून पुरते गेलेले नसतात, आणि ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडला की ते चरायला येतात. सायकल मात्र बाहेर ठेवून आत पायी जावे. आणि एक: याच महिन्यांत सावर आणि पांगारा पाने टाकून लाल फुलांनी भरतात, व काजूच्या बागांजवळून जाताना मोहोराचा गोडसर वास वळणाआधीच येतो. त्यासाठी थांबल्याने साडेनऊचा हिशेब चुकला, तर तो चुकू द्यावा.

प्रश्न: समुद्राजवळ राहत असल्याने साखळी सतत गंजते. घरचे खोबरेल लावले तर चालेल का?
(एक वाचक, कोलवा)

उत्तर: चालणार नाही. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजते, आणि फेब्रुवारीतील पहाट त्याहून थंड असते. शिवाय त्यावर धूळ चिकटून काळा लगदा तयार होतो. फिरून आल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसावी, सायकलीचे तेल प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडावे, पेडल उलटे फिरवून ते आत मुरू द्यावे आणि वरचे सगळे पुसून टाकावे. तेल आत हवे, बाहेर नको.

प्रश्न: माझ्या बारा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची सायकल आहे. फोंड्याच्या चढउतारांवर ती पुरेल की नवी घ्यावी? शक्यतो महामार्ग टाळायचा आहे.
(एक वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर: या वर्षी नवी घेऊ नये, मुलगा वाढत्या वयाचा आहे. कवळे, रामनाथी आणि बांदोड्याची नागेशी ही देवळे एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि चढावर उतरून ढकलायची तयारी असेल तर हा फेरा साध्या सायकलीवरही होतो. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासून घ्यावेत, कारण चढावर फक्त दम लागतो, धोका उतारावर असतो. वाटेत मुलाला हेही सांगता येईल की कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आणि रामनाथ लोटलीहून सोळाव्या शतकात येथे आले, पण नागेश मूळचाच येथला आहे; त्या देवळात १४१३ चा शिलालेख आहे.

प्रश्न: खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतील, बांधावरून सायकल चालवताना एका शेतकऱ्याने आम्हाला अडवले. बांध सर्वांसाठी खुला नसतो का?
(एक वाचक, मडगाव परिसर)

उत्तर: शेतकऱ्याची बाजू आम्हाला पटते. खाजनाचा बांध मुळात रस्ता नसून भरतीचे खारे पाणी शेतात येऊ न देणारी मातीची भिंत आहे. तिच्यातील मानशीची, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या मोरीची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. पण बांधालाच भगदाड पडले तर मानस काहीही करू शकत नाही. ओल्या बांधावर चाकाची चाकोरी पडली की तिच्यात पाणी साठते, खेकडे तेथेच बिळे करतात आणि पुढच्या मोठ्या भरतीला माती खचते. या दिवसांत काही ठिकाणी आत वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाचे, भात उभे असते. खारे पाणी शिरले तर ते पीक जाते आणि जमीन पुढेही काही काळ नापीक राहते. दगडी, रुंद आणि कोरड्या बांधावरून जायलाही आधी विचारावे, समोरून कोणी पेंढ्या घेऊन आले तर उतरून वाट द्यावी. विचारणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही. कोठला बांध पक्का आहे, हेही बहुतेक वेळा तोच शेतकरी सांगतो.