वाचकांचे प्रश्न : बेटावरचे खून आणि कोकणातली रहस्यकथा

मारी युंगस्टेट या स्वीडिश लेखिकेच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि इंग्रजीत ‘अनसीन’ या नावाने आलेल्या कादंबरीवर मागील अंकात लेख होता. बाल्टिक समुद्रातल्या स्वीडनच्या गोटलंड बेटाच्या किनाऱ्यावर एका तरुणीचा खून होतो, आदल्या रात्री तिच्याशी भांडलेल्या जोडीदारावर संशय जातो, आणि प्रकरण सरळ आहे असे तपास अधिकारी आंदेर्स क्नुतास धरून चालत असतानाच तशाच रीतीने दुसरी स्त्री मारली जाते, असे तिचे कथानक आहे. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : गोटलंडला मोठ्या फेरीबोटी जातात, विमानेही उतरतात. खुनी केव्हाही निघून जाऊ शकत असेल, तर कथेला बेटाचा उपयोग तो काय? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. गोटलंडचे क्षेत्रफळ सुमारे ३,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक आहे. वस्ती मात्र साठ हजारांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख भरलेल्या त्याच जिल्ह्याच्या जेमतेम चौदाव्या हिश्श्याइतकी. मुख्य भूमीवरून व्हिस्बी बंदराला पोहोचायला बोटीला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेव्हा वाट बंद नाही, हे खरेच. दुसरे स्वीडिश लेखक स्टीग लार्सन यांनी ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ या कादंबरीत वाट प्रत्यक्षच अडवली आहे : १९६६ मध्ये हॅरिएट ही मुलगी नाहीशी होते त्या दिवशी पुलावर अपघात होतो, बेटावर ये-जा थांबते आणि संशयितांची यादी आपोआप ठरते. ही युक्ती जुनी आहे, आणि माझ्या मते थोडी सोयीची.

युंगस्टेट उलट बाजूने जातात. पर्यटकांचा हंगाम भरात असताना खून होतात, त्यामुळे मारणारा इथला की बोटीने आलेला, हाच पहिला पेच पडतो, आणि गावाला तो बाहेरचा असणेच सोयीचे वाटते. असल्या वस्तीत माहितीची वाण नसते. कोण कोणाच्या वर्गात होता, कोणाचे कोणाशी का बिनसले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण उद्या सकाळी दुकानात ज्याची गाठ पडणार, त्याच्याविषयी आज पोलिसांना सांगायला कोणी धजत नाही, किंवा ते सांगण्याजोगे आहे असेच कोणाला वाटत नाही. शेवट सांगून वाचणाऱ्यांचा विरस करणार नाही, पण बेटाचा उपयोग समुद्रापेक्षा या न बोलण्यासाठी अधिक होतो, एवढे लक्षात ठेवून कादंबरी पुन्हा चाळावी.

प्रश्न : स्वीडनमध्ये खरोखर इतके खून होतात का? (एक वाचिका, दापोली)

उत्तर : नाही. एक कोटीच्या थोड्या वर लोकसंख्येच्या त्या देशात वर्षाला शंभराच्या आसपास माणसे मारली जातात, आणि गेल्या दशकात चिंता वाढली ती शहरांतील टोळ्यांच्या गोळीबारामुळे. एकाच बेटावर, एकाच अधिकाऱ्याच्या वाट्याला पुस्तकामागून पुस्तक खून येणे हा निव्वळ मालिका-कादंबरीचा संकेत आहे.

प्रश्न : अशी मालिका-खुनांची कादंबरी मालवणच्या किनाऱ्यावर घडवायचा विचार आहे. काय सांभाळावे? बेट हवेच का? (एक नवोदित लेखक, देवगड)

उत्तर : बेट हवेच असेल तर मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ला आहे, तिथे आजही मोजकी कुटुंबे राहतात आणि पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. पण दोन खाड्यांमध्ये सापडलेली, सगळे एकमेकांचे भाऊबंद असलेली एखादी वाडीही तेच काम करील, नव्हे अधिक चांगले करील, कारण तिथला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येऊन जाणारा, म्हणजे घरचाही आणि बाहेरचाही असतो. संशयाला याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही.

मात्र तिकडचा किनारा उचलून इकडे आणू नये. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. तिथे वाळूवरचा माग पाण्याने पुसला जाण्याची घाई नसते. आपल्याकडे ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा-सव्वासहा तास. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला उतरलेल्या माणसांना ओल्या वाळूत प्रेत दिसले, तर तेव्हापासून घड्याळ सुरू होते : पोलीस पाटलाला निरोप, त्याचा पोलीस ठाण्याला फोन, मग अंमलदार, मग पंच. पंच व्हायला कोणी पुढे येत नाही, कारण पुढे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या तारखा मागे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गंभीर गुन्ह्यांच्या जागी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाण्याची तरतूद आहे. तो घाटवळणे आणि खाडीपूल ओलांडून येईपर्यंत पाणी प्रेताच्या पायाशी आलेले असेल. हा प्रसंग सावकाश लिहा. इन्क्वेस्ट पंचनाम्यासाठी, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्यासाठी, आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ नव्हे, नव्या संहितेचे कलम १९४ लिहावे लागेल. चोखंदळ वाचक अशा ठिकाणी नेमके बोट ठेवतात.

पोलीस पाटील हे पात्र वाया घालवू नका. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला हा माणूस गावातलाच रहिवासी असतो, आणि गावात काय चालले आहे ते कळवणे हे त्याचे कर्तव्य असते. त्याचा चुलतभाऊच संशयितांत असला तर त्याने काय कळवावे? क्नुतास पोलीस आहे आणि शेजारीही आहे. आपल्याकडे ते ओझे अधिकाऱ्यापेक्षा पाटलाच्या खांद्यावर अधिक शोभेल. देवचार आणि राखणदार ही गावाची राखण करणारी अदृश्य दैवते अवश्य येऊ द्या, पण गावाला गप्प बसायला मिळालेली सबब म्हणून. खुलासा म्हणून आणलेत तर रहस्यकथा तिथेच संपली.

काळ निवडताना स्वीडिश रहस्यकथांतल्या हिमाची उणीव वाटू देऊ नये. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली किनाऱ्यावर चढवलेल्या असतात, पर्यटक गेलेले असतात. दुसरा पर्याय गावपळणीचा. आचऱ्यासारख्या गावी काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुरे-कोंबड्यांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो आणि परततानाही कौल लागतो. रिकाम्या गावात त्या रात्रींत कोण गेले होते, हा प्रश्न आयताच हाती येतो. गावाचे नाव तेवढे कल्पित ठेवा.