चौघे, आणि पाचवा

तुम्ही विचारताय तो सिनेमा ‘माफीचा साक्षीदार’, १९८६चा. कॉलेजातली मित्रमंडळी, खून, ‘परिंदा’च्या आधीचा नाना पाटेकर आणि बाकीच्यांविरुद्ध साक्ष देणारा एक मित्र, एवढ्या खुणा जुळल्यावर दुसरं नाव येतच नाही.

दिग्दर्शक राजदत्त. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे हो! आम्ही नागपूरच्या महालात भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. ‘अष्टविनायक’वाल्यांचा सिनेमा म्हणून मावशी संत्री घेऊन सगळ्यांच्या पुढे बसली होती. अर्ध्या तासात सोललेल्या फोडी ताटलीत तशाच टाकून उठली आणि स्वयंपाकघरातून विचारत राहिली, ‘संपलं का बे ते?’

कथेमागे पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. लोकांना रक्तच आठवतं. मला पहिला बळी बोचतो, कारण तो मारेकऱ्यांचाच वर्गमित्र होता. घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्याच्याच हातून लिहून घेतली, त्याला मारलं आणि वर वडिलांकडे पैसे मागितले. चित्रकलेच्या कॉलेजातली पोरं ही, हातात ब्रश होता; पण घाई झाली होती मोठं व्हायची. मित्रावरच बोहनी केल्यावर उरलेली दोस्ती म्हणजे एकमेकांवर पाळत.

आता तुमचा खरा प्रश्न, त्या मित्राला सोडलं काहून? मी कोर्टात लघुलेखक होतो. तिथेही लोक फितूर आणि माफीचा यांत घोळ घालत. फितूर म्हणजे आधी एक सांगून पिंजऱ्यात उलटणारा. माफीचा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात असतो. तेव्हाच्या फौजदारी संहितेतलं कलम ३०६: ठाऊक असलेलं सगळं खरं सांगायचं, या अटीवर माफी. लपवलं तर माफी जाते, खटला परत मानेवर. आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तोही आतच. शिवाय त्याच्या एकट्याच्या शब्दावर सहसा शिक्षा होत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. पुण्याच्या त्या खटल्यात टोळीतला पाचवा मित्र माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली.

असा एक साक्षीदार मी हाताच्या अंतरावरून पाहिलाय. वकिलांनी विचारलं, आरोपीला ओळखता? त्याने बोट केलं, ‘हा पप्या.’ आणि जीभ चावली. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘लिहा, आरोपी क्रमांक २.’