मावशी 'कुटुंबात' आली, तरी तिची पॉलिसी सोडू नका

नौपाड्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. आईवडील लहानपणीच गेले, मावशीने वाढवलं. मावशी आता 68 वर्षांची, तिला मधुमेह आहे. ऐरोलीतल्या त्यांच्या कंपनीने यंदा ग्रुप मेडिक्लेममध्ये कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेली आणखी एक व्यक्ती 'कुटुंब' म्हणून घ्यायला सुरुवात केली. मग 9 वर्षं चालू असलेली मावशीची 5 लाखांची पॉलिसी बंद करून तिचा 34,000 रुपयांचा वार्षिक हप्ता एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत, घालावा का? आणि फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलं तर चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेते. 'आई' लिहू नका. तुमच्यासाठी ती आईच आहे, हे पत्रातून कळतंच. पण तुमच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) कागद ताडून पाहिले, तर क्लेम अडवायला आयतं कारण मिळेल. कंपनीने जागा दिलीच आहे, तर 'मावशी' लिहून ती जरूर घ्या.

पॉलिसी मात्र ठेवा. ग्रुप पॉलिसीच्या अटी दरवर्षी नव्याने ठरतात. उद्या कंपनीने व्याख्या पुन्हा आवळली किंवा तुम्हीच नोकरी बदलली, की मावशी यादीबाहेर. तेव्हा नवी पॉलिसी घ्यायला वयाची आडकाठी नसेल, पण मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिच्या जुन्या पॉलिसीने हा काळ केव्हाच पार केलाय. शिवाय सलग 5 वर्षं झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. महिना 2,800 रुपयांच्या एसआयपीसाठी ही पुण्याई घालवणं मला पटत नाही. या हप्त्यावर आयकरातली 80डीची सवलत मिळत नाही, तिथे आईवडील बसतात, मावशी बसत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून गेलाय, तेवढाच दिलासा.

पण मी खरी थबकले ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यापाशी: 'पीएफला 2014 पासून मावशीच नॉमिनी आहे.' तुमचं लग्न 2019 मधलं. कुटुंब नसताना केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द ठरतं, आणि कुटुंब असताना त्याबाहेरचं नाव देता येत नाही. पीएफच्या लेखी तुमचं कुटुंब म्हणजे पत्नी आणि मुलगी. या दोघींचं ई-नॉमिनेशन याच आठवड्यात भरा.

मावशीसाठी मृत्युपत्र करा. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. एफडी किंवा म्युच्युअल फंडातली ठरावीक रक्कम त्यात तिच्या नावे लिहा. नुसतं नॉमिनी म्हणून तिचं नाव लावून भागणार नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा राहतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. रक्कम किती, ते पत्नीसोबत बसून ठरवा. तिला हे नंतर कागदावरून कळू नये.

मावशीला 70 पूर्ण झाली की सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. 5 लाखांचं ते संरक्षण आधारवरच्या वयावर मिळतं. तिथे उत्पन्न विचारत नाहीत, ती तुमची कोण हेही विचारत नाहीत, आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. तोवर हप्ता मुदतीत भरत राहा.