पानं गाळू नकोस

प्रिय पोरी,

परवा सावानाच्या, आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, पायऱ्यांवर तू मला गाठलंस आणि उभ्या उभ्या विचारलंस, "काका, कोसलातला पांडुरंग शेवटी गावी परततो ना? मग मीही परीक्षेचा नाद सोडून परत जाऊ का?" मी काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. तू चहाचं म्हणत होतीस, तेही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चुकलंच. घरी आल्यावर लक्षात आलं की मला राग आला होता. थोडा तुझा, बाकीचा कुणाचा ते पुढे येईलच.

आधी हे सांग, तू कोसला वाचलीस कुठे? हॉस्टेलपर्यंत वाचली, मग कंटाळा आला, म्हणून पुढचं मोबाइलवर दहा मिनिटांत ऐकून टाकलं, असं तूच म्हणालीस. म्हणजे शेवट तुला ठाऊक आणि मधलं काहीच नाही. पांडुरंग सांगवीकर गावी परततो, खरं आहे. पण नुसतं तेवढंच उचललंस तर ते एसटीच्या वेळापत्रकाएवढ्याच कामाचं. मधे मेसच्या भानगडी आहेत, गॅदरिंगचा खटाटोप आहे, बापाशी धुसफूस आहे आणि मग धाकटी मनी जाते. तिथं आलो की मी अजूनही पुस्तक उपडं ठेवून खिडकीशी जातो. आधीचा सगळा वात्रटपणा आणि तोच तो कंटाळा अंगावरून गेला नसेल, तर मनीचं जाणं नुसती बातमी वाटते. ही कादंबरी 1963 साली आली तेव्हा ती लिहिणारे भालचंद्र नेमाडे 25 वर्षांचे होते, तुझ्याएवढेच. तुझ्या परीक्षेचा निकाल त्यांनी कसा लावायचा?

पानं गाळू नकोस. माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते मी तुला वीट येईपर्यंत सांगणार आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी घे. छोटीशी आहे, तुझं निमित्त चालणार नाही. एका वाक्यात सांगायची तर दुष्काळ पडतो आणि धनगरांची वाडी उठते. बस्स. पण त्या पोरसवदा मास्तराबरोबर तू वाडीत राहिलीच नाहीस, तालमीच्या भिंती चढताना पाहिल्या नाहीस, बैलाच्या जागी शेकूची बायको औताला खांदा देते तिथं घुटमळली नाहीस, तर वाडी उठली काय नि राहिली काय. ओसाड काय झालं हे कळायला आधी तिथं नांदावं लागतं.

तू दहा नावांची यादीही मागितलीस, "निर्णय घ्यायला उपयोगी पडतील अशा." यादी देणार नाही. कादंबरी काय कल्हईवाला आहे, भांडं दिलं की घासूनपुसून परत देईल?

आता रागाचं.

आमचे अण्णा तांबट होते. बोलायला बसले की लांबण लावत. तांब्याच्या हंड्याला मठार कसा द्यायचा हे सांगायला त्यांना तासभर लागे. ठोक्याशेजारी ठोका, मधली जागा सुटली की उजेडात धरल्यावर दिसते, मग हातोडी कशी धरायची, मग हातोडी कुणी दिली, मग त्या माणसाचं लग्न. मी सातपूरला कारखान्यात होतो, मला घड्याळाची सवय. 1991 च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एका संध्याकाळी धाकट्या काकांचा विषय त्यांनी काढला. काका घर सोडून गेले होते, का ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं. अण्णांनी सुरुवात केली ती गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, आलेल्या कुठल्याशा पुरापासून. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी होतं, घाटावर कोण कोण उभं होतं. मी म्हणालो, "अण्णा, मुद्द्याचं सांगा, मला शिफ्ट आहे."

ते थांबले. म्हणाले, "जा मग."

तिसऱ्या दिवशी गेले. काका घर सोडून गेले, एवढाच सारांश माझ्यापाशी उरला आणि तो मला आधीपासून पाठ होता.

एक अजून सांगतो, बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी शिफ्ट नव्हती. कादंबरी होती, चाळीसेक पानं राहिली होती.

लगेच म्हणू नकोस, "मग काका, कादंबऱ्या वाचून तुम्हाला काय कळलं?" आमच्या घरात हे रोज ऐकतो. पुस्तकात तोंड खुपसून बसलात, फोरमन झाला नाहीत, पोराच्या ॲडमिशनलाही मीच पळाले. सगळं खरं. पण फोरमन झालेले माझे सोबती आज काय करतात ते तू पाहा म्हणजे... असो. मला एवढंच म्हणायचं आहे की चूक कादंबरीची नव्हती. पुस्तकातलं पान न् पान वाचणाऱ्या माणसानं समोरचं पान गाळलं. हे कळायलासुद्धा मला पुढच्या कादंबऱ्याच लागल्या. तुला हे सबब वाटेल. वाटू दे.

कादंबरी हा आपला शब्द बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून आला, सातव्या शतकातल्या. ती पुरी व्हायच्या आत बाण गेला, उरलेली त्याच्या मुलानं लिहिली. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तू निफाडला परत जा की तिसऱ्यांदा परीक्षेला बस, मी काही बोलणार नाही. पण रविवारी घरी जाशील तेव्हा तुझे वडील द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचं सुरू करतील. मग डावणी रोग, मग फवारणी, मग पैसे बुडवून पळालेला व्यापारी, तुझे डोळे मोबाइलकडे वळतील. तो पिशवीत टाक. व्यापाऱ्याच्या पुढेही काही असेल.

तुझी कोसला माझ्याकडे राहिली आहे. बसचं तिकीट खूण म्हणून जिथं होतं तिथंच ठेवलंय. सोमवारी ये, अकराच्या आत नको, मी घाटावर असतो. या खेपेला चहा मी पाजतो.

तुझा,
काका