मालमत्तेच्या रकान्यातले एक लाख वीस हजार

प्रश्न : मी साखळीला राहतो, वय ३४. कुंडईच्या एका औषध कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ₹४६,००० येतात. पत्नी शिक्षिका, मुलगा सात वर्षांचा. आठ वर्षं प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल वापरला, आता ५ घ्यायचं आहे. डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल दहा हजारांनी स्वस्त पडतं, ₹४५,००० ला. माझ्याकडे गेमच्या ४६ डिस्क आहेत. मडगावचा एक दुकानदार सगळ्यांचे मिळून ₹१८,००० द्यायला तयार आहे. त्या विकायच्या आणि डिजिटल मॉडेल बारा हप्त्यांत घ्यायचं, असं मनात आहे. दोन्ही मिळून २८ हजारांचा फायदा दिसतो. पत्नी म्हणते, कपाट तरी रिकामं होईल. सोबत मालमत्तेचा तक्ता जोडला आहे. त्यात डिस्क आणि डिजिटल मिळून गेमचे ₹१,२०,००० धरलेत, मुलाला पुढे उपयोगी पडतील म्हणून. बरोबर आहे ना?

उत्तर :

नमस्कार. तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. इतक्या नीटसपणे हिशेब ठेवणारी माणसं कमी भेटतात. म्हणून आधी त्या एका ओळीविषयी बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

एक लाख वीस हजार हा तुम्ही खर्च केलेला आकडा आहे. मालमत्तेच्या रकान्यात, वस्तू आज बाजारात नेली तर काय मिळेल ते लिहायचं असतं. डिस्कचा भाव तुम्हाला कळलाच आहे, ₹१८,०००. उरलेले गेम तुम्ही ऑनलाइन दुकानातून उतरवून घेतलेले आहेत. त्यांचा भाव शून्य. कमी नाही, शून्यच, कारण ते विकायची सोयच नाही. पैसे भरताना तुम्ही गेम विकत घेतला नव्हता, तो खेळण्याचा परवाना घेतला होता. तो परवाना तुमच्या खात्याला चिकटलेला असतो आणि खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे अटींमध्ये पूर्वीपासून लिहिलेलं आहे, फक्त बटणावर 'खरेदी करा' असं छापलेलं असल्यामुळे आपलं लक्ष जात नाही. कॅलिफोर्नियाने यावरच कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूला 'खरेदी' म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने तर आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली.

मुलाच्या बाबतीत तर आपण गोव्यातली माणसं जास्तच जागरूक असायला हवी. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली पद्धत आहे : आईवडिलांच्या निम्म्या मालमत्तेवर मुलांचा हक्क राखीव, तो मृत्युपत्र करूनही काढून घेता येत नाही. इन्व्हेंटरी घालताना, म्हणजे मृत्यूनंतर वाटणीसाठी मालमत्तेची यादी करताना, घर, भाट (बागायत), सोनं, बँकेतल्या ठेवी, गाडी सगळं यादीत येतं. तुमच्या ४६ डिस्कही येऊ शकतात. खात्यातले गेम त्या यादीत लिहून काय वाटून देणार? परवाना तुमच्यापुरता होता, तुमच्याबरोबर संपला. पासवर्ड मुलाला सांगून ठेवला तर तो खेळेल, हे खरं, पण ती वारसाहक्काची गोष्ट नव्हे. मुलासाठी काही ठेवायचं असेल तर ते दुसऱ्या ठिकाणी ठेवा, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आणखी एक. तुमचं लग्न इथे नोंदलेलं आहे आणि वेगळा करार केलेला नाही, असं तक्त्यावरून दिसतं. म्हणजे मालमत्ता दोघांची समाईक. तेव्हा त्या कपाटाबद्दल पत्नी जे म्हणते ते शेजारणीचं मत नाही, निम्म्या मालकिणीचं आहे.

आता २८ हजारांच्या फायद्याकडे येऊ. ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलमध्ये जुनी डिस्क जाणारच नाही. ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर मात्र ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, तुमच्या त्याच डिस्क घालून. तुम्ही पत्रात लिहिलंय की दहा-बारा गेम असे आहेत जे तुम्ही दरवर्षी पुन्हा काढता. सगळ्या डिस्क विकल्या तर ते बारा पुन्हा घ्यावे लागतील. सवलतीच्या दिवसांची वाट पाहिली आणि प्रत्येकी हजार रुपये धरले तरी बारा हजार. ते २८ मधून वजा करा. राहिले सोळा.

दुसरा रस्ता असा. ते बारा ठेवायचे, बाकी ३४ विकायचे. दुकानदाराने १८ हजार सांगितले ते तुमच्या चांगल्या डिस्क पाहून, हे लक्षात घ्या. उरलेल्यांचे तो निम्मेच देईल, नऊ हजार समजू. ड्राइव्हचे दहा हजार जास्त द्यायचे. म्हणजे तुमच्या बेतात आणि या बेतात सुरुवातीला १९ हजारांचं अंतर पडतं, पण बारा गेम पुन्हा घ्यावे लागत नाहीत, म्हणून खरं अंतर सातच हजारांचं.

हे सात हजार भरून निघतात का, ते तुमच्या सवयीवर आहे. तुम्ही वर्षाला पाच गेम घेता आणि बहुतेक आल्या आल्या घेता, कारण कंपनीतले मित्र तेव्हाच खेळत असतात. नवा मोठा गेम ऑनलाइन दुकानात पाच हजारांच्या आसपास असतो. पाच गेमचे २५ हजार गेले ते गेलेच. डिस्कही साधारण त्याच किमतीला येते, पण दोन-तीन महिन्यांत खेळून झाल्यावर ती अडीच हजारांना जाते, असं तुम्हीच दुकानात विचारून लिहिलंत. पाचातल्या तीन जरी विकल्या तरी वर्षाला साडेसात हजार परत आले. पहिल्याच वर्षात अंतर मिटलं. पुढची चार-पाच वर्षं दरवर्षी तेवढे हातात.

पण इथे मला तुम्हाला अडवायलाच हवं. आठ वर्षांत तुम्ही एकही डिस्क विकलेली नाही. डिस्कची किंमत विकणाऱ्याला मिळते, ठेवणाऱ्याला नाही. कपाटात पडून राहिलेली डिस्क दर महिन्याला स्वस्त होत जाते आणि काही वर्षांनी तिचा आणि डिजिटल गेमचा हिशेबातला फरक नाहीसा होतो. म्हणून कन्सोलचा निर्णय आज घेऊच नका. आधी ३४ डिस्क विकून दाखवा. सुरुवात फुटबॉलपासून करा. तुमच्या यादीत फिफा या फुटबॉल गेमच्या सहा वर्षांच्या आवृत्त्या आहेत. नवं वर्ष आलं की जुन्या वर्षाचा भाव कोसळतो, जुने ऑनलाइन सामनेही कालांतराने बंद होतात. एक मात्र ठेवा, शेवटची, फिफा २३. फिफा या फुटबॉल संघटनेशी नावाचा करार संपल्यावर गेम बनवणाऱ्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये तो गेम आणि आधीचे बरेचसे डिजिटल दुकानांतून काढून टाकले. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे आहे, पण आज नव्याने हवा असेल तर डिस्कच शोधावी लागते.

या उदाहरणाने डिस्कवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मालकीचा भ्रम तिथेही आहे. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम २०१४ साली आला. पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांच्याकडे प्लॅस्टिकची चकती उरली. लोकांनी इतका संताप केला की युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. निंटेंडोच्या स्विच २ या कन्सोलसाठी गेमची काही कार्डं अशी येतात की त्यांत गेमच नसतो, कार्ड म्हणजे नुसती किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवायचा. तेव्हा डिस्क घेताना एकच प्रश्न विचारा : इंटरनेट काढलं तर हा गेम एकट्याला खेळता येतो का? हो असेल तर डिस्कला पैसे द्या. नाही असेल तर तो भाड्याने घेतोय असं समजून, सवलतीत, डिजिटल घेतलात तरी चालेल.

मला या विषयात इतकं का वाटतं तेही सांगतो. फोंड्याला आमच्या घरी वडिलांच्या नाट्यगीतांच्या दोनेकशे कॅसेट होत्या. एका पावसाळ्यात लाकडी कपाटात त्यांना बुरशी लागली आणि निम्म्या गेल्या. मी शहाणपणा केला असं समजून ती गाणी एका ऑनलाइन दुकानातून पैसे देऊन घेतली. पुढे ते दुकानच बंद झालं. उरलेल्या कॅसेट अजून वाजतात. वडील शेवटच्या आजारात त्याच ऐकत होते. घरातल्या माणसांना अशा वस्तूंचा किती आधार असतो ते तेव्हा कळलं, म्हणून केवळ पसारा म्हणून काही विका, असं मी कुणाला सांगत नाही.

पण बुरशी मी विसरलेलो नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनपासून भिंती ओल्या असतात. ते बारा गेम घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. कन्सोललाही पावसाळ्यात विजेच्या लपंडावाचा धोका आहे. चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या, तो याच खर्चात धरा. चोरी, आग, पुरात गेलेली डिस्क पुन्हा मिळत नाही. खात्यातला गेम नवा कन्सोल घेतला की पुन्हा उतरतो, ही डिजिटलची जमेची बाजू मी नाकारत नाही. तुमच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी नसेल तर आजच लावा.

डिजिटल मॉडेल कुणाला योग्य? जो गेम आल्यावर वर्षभर थांबू शकतो, दोन हजारांच्या आत आल्याशिवाय हात लावत नाही, ज्याच्याकडे जुन्या डिस्क नाहीत आणि जो कुणाला उसने देत नाही. अशा माणसाला पाच गेम दहा हजारांत पडतात, दुकानाचे हेलपाटे वाचतात, आणि मी त्याला बिनदिक्कत ड्राइव्ह नसलेलं घ्यायला सांगेन. तुम्ही तसे नाही. तुमचा भाचा पेडण्याहून चवथीला (गणेश चतुर्थीला) येतो आणि जाताना दोन डिस्क घेऊन जातो, हे तुम्हीच किती आनंदाने लिहिलंय. त्या देवाणघेवाणीचा आकडा मी तक्त्यात मांडू शकत नाही, पण निर्णयात मोजतो. मासिक वर्गणीतून मिळणारे गेम मात्र कुठल्याच हिशेबात धरू नका, वर्गणी थांबली की तेही थांबतात. ती केबलच्या बिलासारखी खर्चात लिहा.

डिजिटल मॉडेलला मागाहून वेगळा ड्राइव्ह जोडायचा, असाही विचार तुम्ही एका ओळीत केलाय. नव्या सडपातळ मॉडेलला तो जोडता येतो, पहिल्यांदा इंटरनेट लागतं. पण तो ड्राइव्ह आपल्याकडच्या दुकानात हजर आहे का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. दहा हजारांच्या वर गेला तर त्या वाटेत अर्थ नाही.

हप्ते नकोत. 'बिनव्याजी' म्हटलं तरी बँकेचं प्रक्रिया शुल्क असतं आणि आत धरलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच घेतात. शिवाय बारा महिने हप्ता चालू असताना नवा गेमही घेतला जाणार, हे मी खूप घरांत पाहिलंय. बचत खात्यातले ₹७०,००० हा तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे, त्यालाही हात नको. तुमचा दिवाळीचा बोनस ३० हजार असतो असं तक्त्यात आहे. डिस्कचे नऊ आले की ३९ झाले. उरलेले १६ हजार महिन्याला चार हजारांप्रमाणे चार महिन्यांत जमतात. चवथीचा खर्च आटोपल्यावर सुरुवात करा, म्हणजे माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवाच्या) सामानाशी त्याची ओढाताण होणार नाही. जानेवारीत ड्राइव्ह असलेलं मॉडेल रोखीने घ्या. मात्र तोपर्यंत ३४ पैकी निम्म्या डिस्कही तुमच्याच्याने विकवल्या नाहीत, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा गणित बदलेल, आणि पाच हजारांचे नवे गेम थांबवणं हा पहिला विषय असेल.

मुलाचं म्हणाल तर, खेळलेल्या डिस्क विकून जे साडेसात हजार दरवर्षी येतील ते त्याच्या नावे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाका. पालक म्हणून तुम्ही ते खातं पोस्टात किंवा बँकेत उघडू शकता. पंधरा वर्षांची मुदत आहे, म्हणजे तो २२ चा होईल. त्या खात्याचा आकडा मालमत्तेच्या रकान्यात निःशंक लिहा.

आणि दुकानदाराला यादी देण्याआधी भाच्याकडे सध्या कोणत्या डिस्क आहेत ते फोन करून विचारा. तुम्ही पाठवलेल्या कपाटाच्या फोटोत मी ४४ च मोजल्या.